पूर्वग्रहाची किंमत कोण मोजतो?

‘कॉमन कॉज’ आणि ‘सीएसडीएस’ या संस्थांनी २०१९ मध्ये २१ राज्यांतील सुमारे बारा हजार पोलिसांना प्रश्न विचारून एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातला एक प्रश्न सरळ होता : मुसलमान स्वभावतःच गुन्हेगारीकडे झुकलेले असतात, असे तुम्हाला वाटते का? जवळपास निम्म्या पोलिसांनी कमी-अधिक प्रमाणात होकार दिला. १४ टक्क्यांना हे बहुतांशी खरे वाटत होते, तर ३६ टक्क्यांना काही प्रमाणात. आकडा गंभीर आहेच, पण मला अधिक विचार करायला लावला तो उत्तरातल्या मोकळेपणाने. समोर अनोळखी माणूस प्रश्नावली घेऊन बसला आहे, आपण गणवेशातले सरकारी नोकर आहोत, आणि तरीही हे मत दडवावे असे निम्म्यांना वाटले नाही. जे मत बोलून दाखवल्याने वरिष्ठ रागावतील, बढती अडेल किंवा चारचौघांत मान खाली घालावी लागेल अशी धास्ती असते, ते मत माणूस इतक्या सहजपणे कागदावर येऊ देत नाही.

पोलिसांच्या मुस्लिमांविषयीच्या दृष्टिकोनाची चर्चा आपल्याकडे बहुधा मनांपाशी येऊन थांबते. मने कलुषित आहेत, ती स्वच्छ करायला हवीत, त्यासाठी शिबिरे घ्यावीत, सर्वधर्मसमभावाची व्याख्याने ठेवावीत, असा तिचा सूर असतो. मला वाटते, हा पूर्वग्रह टिकून राहण्याचे मुख्य कारण अधिक रोकडे आहे. तो बाळगणाऱ्याला, आणि त्याप्रमाणे वागणाऱ्यालाही, त्याची किंमत मोजावी लागत नाही. ती दुसरेच कोणी मोजतात. त्यात मुसलमान आहेत, गुन्ह्याचा बळी ठरलेली पण खरा गुन्हेगार कधीच न सापडलेली कुटुंबे आहेत, आणि अखेरीस दंगलीत दगड झेलणारा साधा हवालदारही आहे.

पोलीस काही आभाळातून पडत नाहीत. ज्या घरांत, ज्या गावांत, ज्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत आपण सगळे वाढतो, वावरतो, तिथूनच तेही येतात, त्यामुळे समाजात जे समज आहेत ते त्यांच्यातही असणार, हे मान्यच करायला हवे. परंतु शेजाऱ्याच्या मनातला समज फार तर भाड्याने घर नाकारतो. पोलिसाच्या मनातला समज एखाद्याला रात्रभर कोठडीत बसवू शकतो. नाकाबंदीचा अगदी साधा प्रसंग घ्या. दुचाकी थांबवली जाते, लायसन्स हातात घेतले जाते, टॉर्चच्या उजेडात नाव वाचले जाते, आणि नावाबरोबर पुढचे प्रश्न बदलतात. कुठून आलास, एवढ्या रात्री कुठे, डिकी उघड, मोबाइल दाखव, राहतोस कुठे. उत्तर मुंब्रा, गोवंडी किंवा मालवणी असेल तर आणखी दहा मिनिटे. मागच्या गाडीवरचा पाटील किंवा जोशी ‘हेल्मेट घालत जा’ एवढे ऐकून निघून जातो. यात बेकायदा असे काही घडलेले नसते. कोणाला मारलेले नसते, पैसेही मागितलेले नसतात. या दहा मिनिटांची नोंद कोणत्याही डायरीत होत नाही, म्हणून ती कधी घडलेलीच नसतात. घडलेली असतात ती फक्त त्या मुलाच्या आठवणीत, आणि महिन्यातून दोनदा घडली की त्याच्या स्वभावातही.

ठाण्याच्या आतही हेच दिसते. मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या माणसाचे काय करायचे, हे ठरवायला ठाणे अंमलदाराकडे बरीच मोकळीक असते. दखलपात्र गुन्हा नोंदवता येतो, ‘एनसी’ म्हणजे अदखलपात्र नोंद लिहून वाटेला लावता येते, किंवा समोरच्या पक्षाला बोलावून क्रॉस केस घेता येते. मग दोघेही आरोपी होतात आणि दोघेही दमून तडजोडीला येतात. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर प्राथमिकी नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट सांगितले, तरी गुन्हा दखलपात्र आहे की नाही हे आधी ठरवतो तो टेबलामागचा माणूसच. पूर्वग्रहाला शिरायला अशीच जागा लागते, कारण इथे निर्णय त्याचा असतो आणि त्याचे कारण कोणी विचारत नाही.

यावर पोलीस खात्यातून, आणि खात्याबाहेरच्या पुष्कळ लोकांकडूनही, एक उत्तर हमखास येते : अनुभव तसा आहे, आकडे पाहा. आकडे जरूर पाहावेत. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत मुस्लिम १४.२ टक्के आहेत, आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या गेल्या अनेक वर्षांच्या आकडेवारीत कच्च्या कैद्यांमधला त्यांचा वाटा साधारण १८ ते २१ टक्क्यांच्या दरम्यान राहिला आहे. पण हे कैदी म्हणजे दोष सिद्ध व्हायचा बाकी असलेली माणसे. ती आत का आहेत, या प्रश्नात कोणाला पकडले, कोणाला जामीन परवडला आणि कोणाला वकील मिळाला, हे तीनही प्रश्न मिसळलेले असतात. महाराष्ट्रातील तुरुंगांमधल्या मुस्लिम कैद्यांचा टाटा समाजविज्ञान संस्थेने राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी अभ्यास केला, तेव्हा त्यांतल्या बहुसंख्यांचा संघटित गुन्हेगारीशी संबंध आढळला नाही. आढळली ती गरिबी, अर्धवट शिक्षण आणि कायदेशीर मदतीचा अभाव.

शिवाय पोलिसांच्या नोंदी बऱ्याच अंशी पोलिसांच्याच हालचालींतून तयार होतात. सणासुदीच्या आधी प्रतिबंधक कारवाया होतात, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७, ११० आणि १५१ खाली होत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेखाली होतात; महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५५ ते ५७ प्रमाणे तडीपारीचे प्रस्ताव जातात. यांतल्या बहुतेक कारवायांना गुन्हा सिद्ध होण्याची गरज नसते. एखादी वस्ती दफ्तरी ‘संवेदनशील’ म्हणून चढली की तिथे कोंबिंग ऑपरेशन अधिक, तपासणी अधिक, प्रतिबंधक नोटिसा अधिक, आणि वर्षअखेरीस त्या नोटिसांची संख्याच वस्ती संवेदनशील असल्याचा पुरावा म्हणून पुढच्या निरीक्षकाच्या टेबलावर जाते. तो निरीक्षक मनाने कितीही निर्मळ असला तरी फाइल त्याला जे सांगते तेच त्याला दिसते.

मराठी वाचकाला हे समजायला लांब जावे लागू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसह अनेक जमातींवर जन्माने गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, तो कायदा रद्द झाला. शिक्का मात्र गेला नाही. गावात चोरी झाली की पारध्याच्या पालावर पहिली धाड, हा प्रघात त्यानंतरही कित्येक दशके चालला आणि पुरता संपलेला आजही नाही. कायदा जाऊनही प्रघात उरला, कारण पालावर धाड घालून चार माणसे उचलली की तपास सुरू झाल्याचे दाखवता येत होते, आणि ती माणसे निर्दोष सुटली तरी उचलणाऱ्याला जाब विचारणारे कोणी नव्हते. मुसलमानांच्या बाबतीत कायद्याचा असा शिक्का कधीच नव्हता. हिशेब मात्र तोच आहे.

हा हिशेब सर्वांत उघडा पडतो तो दंगलीत. १९७० च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर भिवंडीत आणि पाठोपाठ जळगाव व महाड येथे झालेल्या दंगलींची चौकशी न्या. डी. पी. मादन यांच्या आयोगाने केली. भिवंडीच्या तपासासाठी नेमलेल्या विशेष पथकावर आयोगाने पक्षपाताचा ठपका ठेवला होता. राष्ट्रीय पोलीस आयोगाचा १९८१ चा सहावा अहवाल जातीय दंगलींतील पोलिसांच्या वर्तनावरही बोलतो. म्हणजे १९९२ उजाडण्याच्या कितीतरी आधी, सरकारी कागदांत, सरकारनेच नेमलेल्या लोकांनी हा विषय मांडून ठेवला होता.

त्यानंतर मुंबई घडली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत न्या. बी. एन. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुस्लिम होते आणि २७५ हिंदू. या ९०० मृत्यूंपैकी ३५६ पोलिसांच्या गोळीबारात झाले. दंगेखोरांच्या सुऱ्यांनी मारलेल्यांची संख्या ३४७ होती, म्हणजे पोलिसांच्या गोळ्यांपेक्षा किंचित कमी. आयोगाने दोन्ही बाजूंच्या जमावांची क्रूरता नोंदवली, हिंदूंवर झालेले हल्लेही सविस्तर लिहिले. पोलिसांबद्दल मात्र त्याने जे लिहिले ते अधिकृत कागदपत्रांत क्वचित वाचायला मिळते. विशेषतः कनिष्ठ पातळीवरच्या पोलिसांच्या मनात मुस्लिमांविषयी मुरलेला आकस होता आणि संशयितांना, इतकेच काय बळींनाही, दिलेल्या वागणुकीत तो दिसत होता, असा निष्कर्ष आयोगाने काढला. मदतीसाठी आर्जवे करणाऱ्यांना मिळणाऱ्या प्रतिसादामागे कधी कधी ‘एक मुसलमान मेला म्हणजे एक कमी झाला’ अशी वृत्ती होती, असेही त्याने नमूद केले. हे वाक्य कोणा कार्यकर्त्याच्या पत्रकातले नाही. उच्च न्यायालयाच्या विद्यमान न्यायाधीशाने पाच वर्षे साक्षी-पुरावे तपासून लिहिलेल्या अहवालातले आहे.

पुढे काय झाले, हे मला आकसाइतकेच महत्त्वाचे वाटते. १९९६ च्या जानेवारीत युती सरकारने आयोगच गुंडाळला. केंद्रातल्या तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारच्या आग्रहाने तो पुन्हा सुरू झाला. फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल सादर झाला, ऑगस्टमध्ये विधिमंडळात मांडला गेला आणि तेव्हाच सरकारने तो एकांगी ठरवून बाजूला ठेवला. अंमलबजावणीचे आश्वासन देत १९९९ मध्ये सत्तेवर आलेल्या काँग्रेस आघाडीने पंधरा वर्षे राज्य केले आणि तरीही फारसे काही केले नाही. आयोगाने ३१ पोलिसांची नावे घेतली होती. मुंबईतल्या सुलेमान उस्मान बेकरीवर ९ जानेवारी १९९३ रोजी झालेल्या पोलीस गोळीबाराच्या कारवाईचे नेतृत्व करणारे अधिकारी पुढे मुंबईचे पोलीस आयुक्त झाले. २००१ मध्ये त्या कारवाईबद्दल गुन्हा दाखल झाला आणि २००३ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. न्यायालयाचा तो निर्णय आहे आणि तो मान्य करायला हवा. पण गोळीबार झाला तेव्हा दलाने स्वतः काय चौकशी केली, आणि आरोपपत्र यायला आठ वर्षे का लागली, या प्रश्नांना तो निर्णय उत्तर देत नाही. वडाळ्याच्या हरी मशिदीत दुसऱ्याच दिवशी, १० जानेवारीला, पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जखमी झालेल्या एकावरच दंगलीचा खटला चालला आणि त्याला निर्दोष सुटायला २००९ साल उजाडले. मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली, त्या खटल्यात विशेष न्यायालयाने १०० जणांना दोषी ठरवले, आणि ते योग्यच झाले. दंगलींच्या खटल्यांत शिक्षा झालेल्यांची संख्या त्याच्या जवळपासही जात नाही. एकाच शहराने, एकाच हिवाळ्यात, एकाच पोलीस दलाकडून हे दोन निरनिराळे वेग पाहिले.

या सगळ्यातून तरुण शिपायाने काय धडा घेतला असेल? ‘गोळी झाडताना हात राखला नाही तरी निभावते’ हा एक. दुसरा धडा त्याला २०१२ मध्ये मिळाला. ११ ऑगस्टला आझाद मैदानावर आसाम आणि म्यानमारमधील घटनांच्या निषेधासाठी जमलेला मुस्लिम जमाव हिंसक झाला. पोलिसांवर हल्ला झाला, महिला पोलिसांशी घृणास्पद वर्तन झाले, अमर जवान स्मारकाची नासधूस झाली, दोन जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी आयुक्त अरूप पटनाईक यांनी जमावासमोर स्वतः उभे राहून परिस्थिती आवरली आणि आपल्या माणसांचा संताप रोखून धरला. काही दिवसांतच त्यांच्यावर बोटचेपेपणाचा आरोप झाला, मोर्चा निघाला, आणि त्या महिन्यातच त्यांची बदली झाली. कागदावर ती बढती होती. पाच महिन्यांनी, ६ जानेवारी २०१३ रोजी, धुळ्यात हॉटेलच्या बिलावरून सुरू झालेल्या भांडणाची दंगल झाली. पोलिसांच्या गोळीबारात सहा जण मेले. सहाही मुस्लिम होते. काही पोलीस मोडतोड आणि लूट करताना मोबाइलवर चित्रित झाले आणि त्यांतल्या काहींना अटक करावी लागली. दोन घटनांचा थेट संबंध आहे, असे मी म्हणत नाही. पण संयमाची किंमत मुंबईत आयुक्ताला द्यावी लागली हे राज्यातल्या प्रत्येक ठाण्यात माहीत होते, आणि बिनसंयमाची किंमत कोणी दिली हे, चित्रफीत नसती तर, धुळ्यातही कळले नसते.

पोलिसांची बाजू इथे ऐकून घेतली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. ५ जुलै २००६ रोजी भिवंडीत कब्रस्तानाजवळच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला आणि जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारले. आझाद मैदानातल्या महिला शिपायांनी जे भोगले ते त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐकले आहे, विसरलेले नाही. बारा-बारा तासांचा बंदोबस्त, रद्द होणाऱ्या रजा, गर्दीच्या वस्तीत मागे सहकारी किती आहेत हे माहीत नसताना गल्लीत शिरण्याची वेळ, हे सगळे त्या ‘अनुभव तसा आहे’ या उत्तरामागे आहे. भीती खरी असते. प्रश्न असा की शंभर जणांच्या जमावाच्या कृत्याचा हिशेब त्या जमावात कधीच नसलेल्या लाखो लोकांच्या खात्यावर का मांडला जातो. बाकी कोणत्याही जमावाच्या बाबतीत तसे होत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत पोलिसाला मारहाण झाली की मंडळावर गुन्हा नोंदवला जातो, कार्यकर्ते पकडले जातात, फार तर पुढाऱ्याला दोन शब्द सुनावले जातात. समाजाच्या स्वभावाविषयी कोणी प्रश्नावलीत मत देत नाही.

आणि उलट बाजूची खाती कधी उघडलीच जात नाहीत. २०२३ मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुंबईत आणि राज्यातल्या अनेक शहरांत मुस्लिम संघटनांनी आपला जुलूस स्वतःहून दुसऱ्या दिवशी ढकलला. पुढच्या वर्षी सण लागोपाठ आले तेव्हाही तारीख बदलली. बंदोबस्ताचे गणित करणाऱ्या कोणत्याही अधिकाऱ्याला विचारा, या एका निर्णयाने किती हजार माणसांची दमछाक वाचली. त्या दिवशी ठाण्यांत आभाराची भाषणे झाली, शाली दिल्या गेल्या असतील, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. गोपनीय शाखेच्या फाइलीत मात्र ‘संवेदनशील’ हा शेरा तसाच राहिला. एकाही वस्तीचे वर्गीकरण यामुळे बदलल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

पूर्वग्रहामुळे पोलिसी कामाचेच कसे वाटोळे होते, याचे मालेगावइतके कडू उदाहरण दुसरे नाही. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बारातचा दिवस. बडा कब्रस्तान आणि हमीदिया मशिदीच्या परिसरात स्फोट झाले आणि तिसाहून अधिक माणसे मेली. जवळजवळ सगळी मुस्लिम, नमाजासाठी आणि पूर्वजांच्या कबरींवर दुवा मागण्यासाठी आलेली. दहशतवादविरोधी पथकाने नऊ जणांना आरोपी केले आणि तेही सगळे मुस्लिम होते. त्यांतला एक जण स्फोटांच्या आधीपासून मुंबई पोलिसांच्या ताब्यात होता, आणि दुसरा त्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यात नमाज पढवत होता, असे बचाव पक्ष सुरुवातीपासून सांगत होता. तपास सीबीआयकडे आणि मग एनआयएकडे गेला. तिथे दिशा पूर्ण बदलली. नोव्हेंबर २०११ मध्ये त्यांना जामीन मिळाला आणि एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोवर नवांपैकी एक जण हयातच नव्हता. शब-ए-बारातच्या पवित्र दिवशी आपल्याच लोकांना मारून दोन समाजांत तेढ माजवण्याचा कट मुस्लिम आरोपींनी रचला असेल हे अशक्यप्राय वाटते, आणि या माणसांना बळीचा बकरा बनवले गेले, असे न्यायाधीशांनी आदेशात म्हटले. जी शंका कोणत्याही सामान्य माणसाला पहिल्याच दिवशी यावी, ती नोंदवली जायला दहा वर्षे गेली. दरम्यान खऱ्या गुन्हेगारांचा माग थंड झाला, आणि त्या स्फोटांबद्दल आजपर्यंत कोणालाही शिक्षा झालेली नाही.

गुजरातमधील अक्षरधाम मंदिरावरच्या २००२ च्या हल्ल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये सहा जणांना निर्दोष सोडले आणि तपास यंत्रणेवर कडक ताशेरे मारले. त्यांतल्या काहींना त्याआधी फाशीची शिक्षा झालेली होती. मंदिरात मारल्या गेलेल्या भाविकांच्या कुटुंबांना यातून काय मिळाले? चुकीची माणसे अकरा वर्षे तुरुंगात होती, एवढेच समाधान. मुस्लिमांविषयीच्या पूर्वग्रहाची किंमत फक्त मुस्लिम मोजतात, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. आपला निकाल आधी लावून पुरावा नंतर शोधणारा तपास अधिकारी कोणाचेच रक्षण करत नाही.

आता, हे बदलू शकते का? बदलू शकते, आणि ते बदलताना महाराष्ट्राने पाहिलेले आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी बदनाम झालेल्या भिवंडीत १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, पण नेहमीच्या शांतता समितीसारख्या नव्हेत. शांतता समितीचा आपल्याला परिचय आहे : सणाच्या आधी ठाण्याच्या आवारात मांडव, त्याच त्या माजी नगरसेवकांची, ठेकेदारांची आणि स्वयंघोषित समाजसेवकांची पहिली रांग, चहा, आणि ‘आमचे गाव पूर्वीपासून गुण्यागोविंदाने नांदते’ हे भाषण. खोपडे यांच्या समित्यांत वस्तीतली साधी हिंदू-मुस्लिम माणसे होती आणि प्रत्येक समितीशी जोडलेला एक पोलीस होता. नळावरचे भांडण, भाडेकरूचा वाद, नवरा-बायकोची तक्रार, असल्या किरकोळ गोष्टी तिथे सुटू लागल्या. डिसेंबर १९९२ मध्ये जवळची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

या प्रयोगाकडे ‘मनोमीलन’ म्हणून पाहण्याची पद्धत आहे. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. शिपाई तेच होते, त्यांची घरे, त्यांचे समज तेच होते. बदलले ते त्यांचे काम. आपल्या समितीच्या वस्तीत काय चालते याला अमुक शिपाई जबाबदार, हे ठरले, आणि मग त्या शिपायाला वस्तीतली माणसे नावानिशी ओळखणे भागच पडले. ओळख झाली म्हणून सर्वांचे समज गेले असतील असे नाही, पण समजावर विसंबून काम करण्याची त्याला गरज उरली नाही. मुंबईत १९९४ मध्ये तत्कालीन आयुक्त सतीश साहनी आणि ज्युलिओ रिबेरो यांच्या पुढाकाराने मोहल्ला समितीची चळवळ सुरू झाली, तीही याच वाटेने. भिवंडीच्या प्रयोगाची दुसरी शिकवण २००६ च्या जुलैत मिळाली : अधिकारी बदलला, व्यवस्था सैल झाली की सगळे पुन्हा मूळ पदावर येते. एका माणसाच्या उत्साहावर उभे राहिलेले काम त्याच्या बदलीच्या आदेशाबरोबर संपते.

मुस्लिमांचे दलातले प्रमाण वाढवावे, हा उपाय नेहमी सांगितला जातो. मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ मध्येच या तुटीकडे लक्ष वेधले. प्रमाण वाढलेच पाहिजे, त्यासाठीचे भरतीपूर्व प्रशिक्षण नेटाने चालवले पाहिजे, आणि २०१३ नंतर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने मुस्लिम पोलिसांचे वेगळे आकडे देणे बंद केले ते पुन्हा द्यायला हवेत, कारण जे मोजले जात नाही त्याची तूट भरून काढता येत नाही. तरीही यावर मी सारी भिस्त ठेवणार नाही. हसन गफूर आणि अहमद जावेद हे मुंबईचे पोलीस आयुक्त झाले, तेवढ्याने नाकाबंदीतले प्रश्न बदलले नाहीत. ठाण्यातल्या एकट्या मुस्लिम उपनिरीक्षकावर तर आपण ‘त्यांच्यातला’ नाही हे सिद्ध करण्याचा दबाव इतरांहून जास्तच असतो.

पूर्वग्रह महाग करायचा तर त्याच्या नोंदी हव्यात. प्रतिबंधक कारवाया आणि तडीपारीचे प्रस्ताव कोणत्या वस्तीत किती, त्यांतले किती अपिलात टिकले. अटक झालेल्यांपैकी किती जण आरोपपत्राविना सुटले. तक्रारी किती आल्या आणि किती ‘एनसी’वर संपल्या, हे ठाणेनिहाय दरवर्षी जाहीर व्हावे, आणि निरीक्षकाच्या गोपनीय अहवालात त्याचा विचार व्हावा. यावर एक आक्षेप प्रामाणिक आहे : धर्मवार आकडे बाहेर आले की ‘बघा, हेच जास्त’ असे म्हणायला ते वापरले जातील. तो धोका आहेच. पण तशी वाक्ये आजही आकड्यांविना, अधिक ठामपणे, बोलली जातात. न टिकलेल्या कारवायांचा आकडा सोबत छापला गेला तर निदान त्यांना उत्तर तरी देता येईल.

पोलीस गोळीबारात माणूस मेला तर त्याचा तपास त्याच ठाण्याकडे, त्याच जिल्ह्याकडे राहू नये, ही दुसरी गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह प्रकरणात पोलीस तक्रार प्राधिकरणाचा आदेश दिला, महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ते आणले. त्याच्याकडे दात आहेत का, हा प्रश्न मात्र तक्रारदारांना विचारावा. पोलिसांवर खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते, ही अडचणही जुनीच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ मध्ये आता असे आहे की सरकारने १२० दिवसांत निर्णय दिला नाही तर मंजुरी मिळाली असे मानले जाईल. श्रीकृष्ण आयोगाच्या काळात ही तरतूद असती, तर निदान गप्प बसून वेळ काढणे सरकारला इतके सोपे गेले नसते. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९२-९३ च्या दंगलींत बेपत्ता झालेल्या १६८ जणांपैकी भरपाई न मिळालेल्यांच्या कुटुंबांना शोधून ती देण्याचे आदेश दिले, आणि त्याच निकालात आयोगाच्या पोलीस सुधारणांविषयीच्या, सरकारने मान्य केलेल्या शिफारशी त्वरेने अमलात आणण्यासही सांगितले. तीस वर्षांनी आलेल्या या आदेशाचे पुढे काय झाले, हे विधिमंडळाच्या प्रत्येक अधिवेशनात गृहमंत्र्यांना विचारता येते. विरोधी बाकांवर जो कोणी बसलेला असेल त्याने ते विचारायला हवे. आजवर सत्तेत नसतानाही हा प्रश्न विचारणे बहुतेक पक्षांनी टाळलेले आहे.